उठवलेली गाडी

आमचं घराणं मूळचं साताऱ्याकडचं म्हणतात, पण तिकडे आमचं आता कोण आहे विचाराल तर कोणी नाही, पाच पिढ्या झाल्या, आम्ही इंदूरचेच. पणजोबा महाराजांच्या पागेत होते, घोडेस्वार, त्यांची तलवार अजून घरात आहे, खंडेनवमीला काढतो, पुसतो, हळदकुंकू लावतो, परत कपाटात ठेवतो. आजोबा मोटारखान्यात लागले, आणि वडिलांनी पोलोग्राउंडला बॅटरीचं दुकान टाकलं. तर असं घोड्यापासून बॅटरीपर्यंत आमचं खानदान आलं, हसू नका ताई, असंच लिहून घ्या, खरंच आहे. मी दिनकर, पण नाव कोणी घेत नाही, सगळे नानाच म्हणतात. शाळा नववीत सुटली तेव्हापासून त्याच दुकानात बसलो, आता बासष्टावं चालू आहे.

तेव्हा सगळं तेजाबाचं, म्हणजे ॲसिडचं काम, शिशाच्या प्लेटी, त्यात तेजाब, वरून डिस्टिल वॉटर. माझा एक शर्ट बिनभोकाचा नव्हता, आई वैतागायची, म्हणायची तुला धुतलेलं घालायला देऊ की चाळणी देऊ. आणि वडिलांचा एक नियम होता, दुकानात कोणी मेली हा शब्द बोलायचा नाही. गिऱ्हाईक यायचं, ट्रॅक्टरची बॅटरी धप्पकन ठेवायचं, म्हणायचं भिया मर गई ये तो, की वडील हात वर करायचे, मर गई नहीं बोलते, सो गई है. आणि खरंच, तिला अगदी हळू करंट द्यायचा, दोन दिवस, तीन दिवस, घाई करायची नाही, हात लावून बघायचं गरम तर होत नाही ना, आणि ती उठायची. सगळ्या नाही, पण पुष्कळ. आमच्याकडे त्याला उठवणं म्हणतात. मी वडिलांपेक्षा चांगला उठवायचो, हे मी नाही, वडीलच म्हणायचे. धारहून, देवासहून लोक यायचे, कंपनीवाल्यांनी नाही म्हटलेल्या बॅटऱ्या घेऊन यायचे, आणि मी उठवून द्यायचो. त्या गोष्टीचा मला माज होता, सीधी बात. पुढचं सगळं त्या माजातूनच झालं.

मग या नव्या गाड्या आल्या. आधी रिक्षा, मग स्कूटर, मग कार. मी म्हटलं शिकल्याशिवाय भागणार नाही. आमच्यापासून दोन गेट सोडून एक वर्कशॉप आहे, फक्त इलेक्ट्रिक गाड्यांचं, ते सोनल मॅडम चालवतात, इंजिनीअर आहेत, उज्जैनच्या, तिशीतल्या, मला अंकल म्हणतात. त्यांच्याकडे मी सहा महिने दुपारी जाऊन बसलो. चांगलं शिकवलं त्यांनी, खोटं कशाला बोलू. कारच्या पोटाखाली एक मोठी सपाट पेटी असते, तिला पॅक म्हणायचं, त्यात शेकडो छोटे सेल, एकामागे एक जोडलेले. एक सेल साडेतीन व्होल्टचा समजा. आणि त्या सगळ्यांवर एक इलेक्ट्रॉनिक कार्ड बसवलेलं, ते बारकाईनं बघत असतं, कोण जास्त भरला, कोण रिकामा झाला, कोण तापला, आणि काही चुकीचं दिसलं की गाडी बंद करून टाकतं. लोकांना ते कार्ड आवडत नाही, कारण ते नाही म्हणतं.

लोक मला विचारतात नाना, किती चालते एका चार्जिंगमध्ये, मी म्हणतो समोरच्या स्क्रीनची काच काय सांगते त्यावर जाऊ नका, ते अंदाजे असतं, काल तुम्ही कशी चालवली त्यावरून आज सांगते. एसी लावा, कमी होईल. महूच्या पुढचा घाट चढा, झरझर उतरेल, तोच घाट उतरताना थोडी परत भरेल. रोज वीस टक्क्यांच्या खाली जाऊ देऊ नका, ऐंशीच्या वर रोज नेऊ नका, फास्ट चार्जर प्रवासात ठीक आहे, रोजचा नको, गरमीत तर नकोच. आणि ज्यांना धाकधूक वाटते त्यांना सांगतो प्लग-इन हायब्रिड घ्या, त्यात बॅटरी छोटी आणि पेट्रोलचं इंजिनही असतं, बॅटरी संपली तरी घरी याल. हे सगळं मला येतं. आणि सोनल मॅडमनी एक गोष्ट पहिल्याच आठवड्यात सांगितली होती, तीही मला येत होती. अंकल, जो सेल दो वोल्ट के नीचे जाकर पड़ा रहा, उसको वापस चार्ज नहीं करना, उसको निकालकर फेंकना. मी मान हलवली होती. मनात म्हटलं, पोरगी हुशार आहे, पण उठवणं हिला काय माहीत.

आता मेघाचं सांगतो. मेघा माझी एकुलती एक मुलगी, अन्नपूर्णा भागात राहते, घर दोन मजली, खाली गाडी, वर हे लोक. जावई शिरीषराव शाळेत विज्ञान शिकवतात, चांगला माणूस, माझ्याशी आजवर एक शब्द वाकडा नाही. त्यांना एक मुलगी, ओवी, सात वर्षांची. शिरीषरावांचे काका हातोदला असायचे, त्यांच्याकडे इलेक्ट्रिक कार होती, आकाशी निळी, आणि काका मुलाकडे परदेशी जाऊन बसले, तिथेच राहिले, आणि गाडी इथे गोडाऊनमध्ये दहा महिने उभी. चार्जिंग संपलेलं, तशीच उभी. काकांनी फोनवर सांगितलं, शिरीष, चालू झाली तर तुझी. कंपनीच्या माणसानं बघितलं आणि म्हणाला पूर्ण पॅक बदला. शिरीषराव माझ्याकडे आले, म्हणाले नाना, सगळ्या इंदूरच्या बॅटऱ्या तुम्ही उठवता, जावयाची एक नाही का उठवणार.

मी पॅक उघडला ताई. बाकी सगळे सेल कमी होते पण ठीक होते, एका कोपऱ्यातले सहा तेवढे खाली गेलेले. मीटर लावला, एकाला एक पॉइंट एक, दुसऱ्याला पॉइंट नऊ, असे. कार्ड चार्जिंग घेऊच देत नव्हतं, आणि बरोबर करून राहिलं होतं ते. मला सोनल मॅडमचं वाक्य आठवलं, नाही आठवलं असं मी म्हणणार नाही. पण मी आधी करून बघितलं होतं ना. भंगारातल्या पॅकमधले चार सेल असेच खाली गेलेले आणले होते, हळू करंट देऊन उठवले होते, आणि चारही उठले होते, फळीवर ठेवले होते, महिना झाला तरी ठणठणीत होते. मग मी कार्डाला बाजूला ठेवलं, सहा सेलना थेट वायर लावली, वडील लावायचे तशी, अगदी हळू, रात्रंदिवस नाही, फक्त दुकान उघडं असेल तेवढा वेळ, हात लावून बघत बघत, आणि चौथ्या दिवशी सहाच्या सहा तीनच्या वर आले. कार्ड परत जोडलं. कार्ड हो म्हणालं.

गाडी चालू झाली तेव्हा शिरीषरावांनी मला मिठी मारली हो. काचेवर दोनशे तीस किलोमीटर दाखवत होती. दसऱ्याला गाडी धुतली, झेंडूचा हार घातला, तलवारीशेजारी उभी करून पूजा केली, ओवी म्हणाली आजोबा, ही तुम्ही जिवंत केली ना. मी म्हटलं हो. काय सांगू तुम्हाला, तेव्हा छाती कशी झाली होती.

चार महिने असे गेले. मग एक दिवस दुपारी, साडेबारा वाजले असतील, मी समोर चहा प्यायला गेलो होतो, दुकान उघडं, आत कोणी नाही. परत आलो तर एक गोडसर वास, नेलपॉलिशचा असतो ना तसा, आणि फळीवरून फस्स असा आवाज. त्या चार सेलमधला एक फुगला होता. कोणी हात लावला नव्हता ताई. काहीच जोडलेलं नव्हतं. पाच-सहा महिने नुसता फळीवर पडून होता, आणि त्या दिवशी, साडेबारा वाजता, त्याला पेटावंसं वाटलं. मी फावडं घेईपर्यंत ज्वाला निघाली, बाजूचा दुसरा पेटला, मी पाणी टाकलं, विझलं, परत पेटलं, परत टाकलं, परत पेटलं. शेवटी दोन्ही ओढून रस्त्यावर काढले आणि जळू दिले. लोखंडाची फळी वाकली होती. एवढासा सेल, हातात मावणारा, आणि मेघाच्या गाडीत तसले सहा, आणि त्यांच्या आजूबाजूला शेकडो.

मी तसाच सोनल मॅडमकडे गेलो. गाडीचं नाही सांगितलं, सेलचंच सांगितलं. त्यांनी कागदावर काढून दाखवलं. सेलच्या आत तांब्याचा पातळ पत्रा असतो. सेल फार खाली गेला आणि पडून राहिला की ते तांबं आत विरघळतं. परत चार्ज केलं की तेच तांबं दुसरीकडे जाऊन बसतं, बारीक काटा वाढावा तसं, रोज थोडं थोडं, आणि ज्या दिवशी तो काटा पलीकडच्या बाजूला टेकतो त्या दिवशी आतल्या आत शॉर्ट. मी विचारलं कितने दिन में. म्हणाल्या अंकल, महीना भी हो सकता है, दो साल भी, और हो सकता है कभी न हो, बस बोल नहीं सकते. मी विचारलं कळतं का आधी. म्हणाल्या, गाडी नुसती उभी असताना चार्जिंग कमी व्हायला लागलं तर समजायचं.

दुसऱ्या दिवसापासून मी रोज सकाळी अन्नपूर्णाला. पोहे घेऊन जायचो, निमित्त. मेघाला वाटायचं बाबांना एकटं करमत नाही. मी विचारायचो, रात्री गाडी किती होती, ती म्हणायची ऐंशी, आता किती, अठ्ठ्याहत्तर. मग मी खाली जायचो, चप्पल शोधतो म्हणून वाकायचो, गाडीच्या पोटाला हात लावायचो, वास घ्यायचो. पुढच्या महिन्यात सत्त्याहत्तर. नुसती उभी असताना, तीन टक्के. आणि गाडीच्या बरोब्बर वर ओवीची खोली.

मी म्हटलं मेघा, गाडी बाहेर लाव, निंबाखाली. ती म्हणाली बाबा, पक्षी घाण करतात. मी म्हटलं घरी चार्ज नको करू, बाहेरून करून आण. शिरीषराव हसले, नाना, तुम्हीच तर प्लग लावून दिला. साठच्या वर भरू नका म्हटलं, तर म्हणाले मग धारला जाऊन परत कसं यायचं. सगळं मी बोललो ताई, एकच गोष्ट सोडून. माझा हात चुकला, एवढंच बोलायचं होतं. चार शब्द पण नाहीत. आयुष्यात कधी बोललो नव्हतो, जीभच वळेना. जावयासमोर, ओवीसमोर, जिला सांगितलं होतं की हो, मीच जिवंत केली.

मग मी काय केलं ते ऐका. मी म्हटलं, शिरीषराव, नवं मॉडेल आलंय, साडेतीनशे चालतं, ही विकून टाका, आत्ता गिऱ्हाईक चांगलं आहे, नंतर कोणी विचारणार नाही. पंधरा दिवस मागे लागलो. मी बॅटरीवाला, माझं कोण नाही ऐकणार. आणि विकली. घर वाचलं, ओवी वाचली, माझं नावही राहिलं. त्या दिवशी मी देवीला जाऊन आलो, खरंच जाऊन आलो, नारळ फोडला. माणूस किती खालच्या पातळीला जाऊ शकतो बघा.

घ्यायला आला तो औषध कंपनीचा एमआर होता, नवरा-बायको आणि मुलगी, ओवीएवढीच. मुलगी मागच्या सीटवर चढून बसली ती उतरेचना. मी विचारलं भिया, गाड़ी रखोगे कहाँ. म्हणाला बाबूजी, किराए का घर है, पहली मंज़िल पे हम, नीचे पार्किंग, प्लग भी वहीं लगवा लिया है. मग शिरीषरावांनी सांगितलं की हे आमचे सासरे, यांनीच बॅटरी दुरुस्त केली, इंदूरमध्ये यांच्यासारखा माणूस नाही. तर तो वाकला, माझ्या पाया पडला, म्हणाला आपने बनाई है तो फिर क्या टेंशन. मेघा बाजूला उभी होती. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. सुखी रहो म्हटलं. या तोंडानं.

त्याचा नंबर मी घेतला होता. दर इतवारी फोन करायचो. गाड़ी कैसी है. बढ़िया बाबूजी, एकदम मक्खन. सुबह कितना कम होता है. चार परसेंट, कभी पाँच, इतना तो चलता है ना. मी म्हणायचो बाहर खड़ी करो, ज़्यादा मत भरो. तो हो हो म्हणायचा, त्याला वाटायचं म्हातारा माणूस आहे, काळजी करतो. मी फोन ठेवायचो आणि म्हणायचो पुढच्या इतवारी सांगू. असे अकरा इतवार गेले. बाराव्याला मी ठरवूनच बसलो होतो, आंघोळ केली, देवासमोर बसलो, सगळं हिंदीत मनात जुळवून ठेवलं, गाड़ी में मेरी ग़लती है, आज ही घर से बाहर निकालो. फोन लावला. हा नंबर बंद आहे. परत लावला. बंद. नंबर कंपनीचा होता ताई, त्यानं नोकरी सोडली, सिम परत करून टाकलं.

देवास नाक्याकडे त्याचं घर होतं, तिथे गेलो. खोली रिकामी. घरमालक म्हणाला ट्रक भरून गेले, भोपालकडे की सागरकडे, मला माहीत नाही, बीवी का मायका उधर है कुछ. भिंतीला प्लग तेवढा राहिला होता. ज्या दलालाकडून सौदा झाला त्याच्याकडे गेलो, त्याच्याकडेही तोच नंबर. सरकारी ऑफिसात गेलो, तिथला बाबू म्हणाला तुम्ही गाडीचे कोण. मी काय सांगणार, कोण.

मग सोनल मॅडमना सगळं सांगितलं. मला वाटलं रागावतील, रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, अंकल, गाड़ी अभी कहाँ है. त्यांनी गाडीच्या कंपनीला लिहिलंय, अजून काही उत्तर नाही.

आता दुकान असंच आहे, उघडतो, बसतो. कोणी झोपलेली लिथियम बॅटरी घेऊन आलं तर मी सरळ मर गई म्हणतो, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत बाजूला काढून ठेवतो. वडिलांचा नियम मोडला. लोक म्हणतात नानाचा हात गेला. जाऊ दे. सकाळी पेपर आला की आधी आग कुठे लागली ते बघतो, भोपालचं पान, सागरचं पान, हरद्याचं. नसलं काही की चहा पितो. मेघा अजूनही म्हणते बाबा, ती फॅमिली किती छान होती ना, तुमच्या पाया पडली. नवी गाडी ती घराखालीच लावते. ओवी वर झोपते.

मेघाला अजून माहीत नाही. हे छापलं की कळेल. शिरीषरावांना कळेल, ओवीला कोणी ना कोणी वाचून दाखवेल. म्हणूनच तुम्हाला बोलावलं ताई, फोनवर मी म्हणालो ना आमच्या घराण्याबद्दल सांगायचंय, ते खोटं होतं, हे सांगायचं होतं. माझं नाव गाळू नका. कोणी एक कारागीर असं लिहू नका, दिनकर लिहा, पोलोग्राउंडचा नाना लिहा, म्हणजे ज्यानं ऐकलंय तो ओळखेल. आणि हे लिहा, नीट लिहा, हिंदीत पण कोणाकडून करून घ्या, आकाशी निळी गाडी, पोटाखालच्या पेटीच्या मागच्या डाव्या कोपऱ्याचे सहा बोल्ट चकचकीत पांढरे, बाकीचे काळे. ते पांढरे सहा माझे, पेटी बंद करताना मी नवे लावलेले. असली गाडी तुमच्याकडे असेल तर आज, आत्ता, हे वाचता वाचता उठा आणि प्लग काढा, गाडी घराखालून काढून मोकळ्यात न्या, भिंतीपासून लांब, आणि तिच्याजवळ कोणाला झोपू देऊ नका. मला शिव्या द्या, पोलिसात द्या, मी दुकानातच आहे, सकाळी दहा ते संध्याकाळी सात. तुमची मुलगी मोठी होवो. एवढंच.